सॅम्पलर कोणता आणि लायब्ररी कोणती? सुरुवात कुठून करावी?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. एका मैत्रिणीच्या माहितीपटाला पार्श्वसंगीत देते आहे. एकूण बारा मिनिटांचं काम. बहुतेक ठिकाणी पियानो, त्यामागे संथ तंतुवाद्यं आणि दोन प्रसंगांत पेटी. आतापर्यंत डीएडब्ल्यूसोबत (संगीत मुद्रित आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर) आलेले आवाजच वापरत आले. पियानो एकटा असला की चालून जातं. तंतुवाद्यं सुरू झाली की मात्र ऑर्गन वाजल्यासारखं वाटतं. प्रत्येक सूर एकाच दाबाने सुरू होतो, एकाच दाबाने संपतो, मधे काही घडतच नाही.

तीन आठवडे रोज रात्री मुद्रित आवाजांच्या वेगवेगळ्या लायब्रऱ्यांचे डेमो ऐकते आहे. सगळेच सुंदर वाटतात, त्यामुळे निर्णय होत नाही. आधी सॅम्पलर घ्यायचा की लायब्ररी, हेही नीट कळलेलं नाही. फुकट मिळणाऱ्या लायब्रऱ्यांवर असं काम निभावतं का? लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, ५१२ जीबीच्या एसएसडीवर साधारण ९० जीबी जागा उरली आहे. वाजवायला ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आहे, मॉड व्हीलसकट (डावीकडचं फिरवायचं चाक).

रात्रीचा_रियाज

कॉन्टॅक्ट या सॅम्पलरची पूर्ण आवृत्ती घ्या. बाजारातल्या बहुतेक लायब्रऱ्या त्याच्यासाठीच बनतात. एकदा घेतलं की पुढे कुठे अडत नाही.

खर्ज

वरच्या सल्ल्याशी सहमत नाही. याच वळणावर माझी दोन वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

सॅम्पलर म्हणजे वाजवणारं यंत्र. लायब्ररी म्हणजे ध्वनिमुद्रणं, आणि कोणती पट्टी किती जोरात दाबली की त्यातलं कोणतं वाजायचं याचे नियम. १९६३ च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली एक फीत असायची. पट्टी दाबली की ती साधारण आठ सेकंद चालायची आणि मग आवाज बंद. १९७९ मध्ये फेअरलाइट सीएमआय आला आणि फितीच्या जागी आकडे आले. त्यानंतर मेमरी प्रचंड वाढली, पण मूळ काम बदललेलं नाही: बोटाने जे केलं त्याला शोभेल असं मुद्रण शोधून वाजवायचं.

त्यामुळे पहिला प्रश्न असा की आवाज तुम्हाला वाजवायचा आहे की घडवायचा आहे. घडवायचा असेल, म्हणजे दाराची करकर ताणून त्यातून पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज) बनवायचा, गाण्याचा तुकडा कापून पट्ट्यांवर पसरायचा, तर सॅम्पलर महत्त्वाचा. त्यासाठीही बहुतेक वेळा डीएडब्ल्यूमधलाच पुरतो. एबलटनमध्ये सिम्पलर आहे, लॉजिकमध्ये क्विक सॅम्पलर, एफएल स्टुडिओत डायरेक्टवेव्ह. रीपरचा रीसॅम्पलोमॅटिक५००० दिसायला रुक्ष आहे, पण काम चोख करतो.

तुम्हाला वाजवायचं आहे. तयार वाद्य हवंय आणि त्याने बोटांचं ऐकायला हवं. अशा वेळी आधी लायब्ररी ठरते आणि ती ज्या सॅम्पलरमध्ये चालते तो मागोमाग येतो. कॉन्टॅक्टचंच बघा. त्याचा प्लेअर फुकट आहे आणि प्लेअरसाठी परवाना घेतलेल्या लायब्रऱ्या त्यात पूर्ण चालतात. बाकीच्या प्लेअरमध्ये उघडतात, पण १५ मिनिटांनी बंद पडतात. लायब्ररीच्या पानावर खाली कुठेतरी ‘कॉन्टॅक्टची पूर्ण आवृत्ती आवश्यक’ अशी ओळ असते. ती आधी शोधायची. हवी ती लायब्ररी प्लेअरवर चालत असेल तर पूर्ण आवृत्ती घ्यायचं आज काही कारण नाही.

आता ऑर्गनचा मुद्दा. काही विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. पियानोत पट्टी किती वेगाने दाबली त्यावर सुराचं सगळं भवितव्य ठरतं, म्हणून तिथे वेलॉसिटी पुरते. व्हायोलिनवाला मात्र सूर सुरू झाल्यावरही गज दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. ही हालचाल मॉड व्हीलवर, म्हणजे कंट्रोलर १ वर असते. ते फिरवलं की चांगली लायब्ररी हळू वाजवलेल्या मुद्रणातून जोरात वाजवलेल्या मुद्रणात सरकते, म्हणजे आवाजाचा रंगही बदलतो. कंट्रोलर ११ बहुतेक लायब्रऱ्यांत फक्त पातळी कमीजास्त करतो. डावा हात मॉड व्हीलवर ठेवून, आत्ता आहेत तेच आवाज घेऊन एक ओळ वाजवून बघा. प्रत्येक सुराला थोडा चढ, थोडा उतार द्या. निम्मा ऑर्गन तिथेच जाईल. उरलेल्या निम्म्यासाठी लायब्ररी लागेल.

मंद्रसप्तक

खर्ज, आत्ताच करून पाहिलं. फरक पडला! माझ्याकडच्या आवाजात रंग बदलत नाही, फक्त पातळी बदलते, पण ओळ श्वास घेते आहे असं पहिल्यांदा वाटलं. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मग लायब्ररी ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

नुसते_कान

डेमो ऐकणं थांबवा. डेमो अनुभवी माणसाने त्या लायब्ररीच्या बलस्थानांसाठी रचलेला असतो आणि त्यावर मिक्सिंगही झालेलं असतं. ती चांगली रचना आहे एवढंच त्यातून कळतं. कुणीतरी एकेक पॅच (लायब्ररीतला एकेक तयार आवाज) उघडून, बाकी काही न लावता वाजवतोय असे व्हिडिओ शोधा. त्यात मी चार ठिकाणी कान लावतो.

अगदी हळू वाजवलेला एकच लांब सूर. लायब्ररीचा खरा दर्जा तिथे दिसतो. जोरात सगळेच छान वाजतात. हळू वाजवताना गजाची खरखर, वादकाचा कंप, खोलीची हवा या गोष्टी असतील तर पुढचं ऐकावं. काही लायब्रऱ्यांत खराखुरा हळू थर (थर म्हणजे एका ठरावीक जोराने वाजवलेली मुद्रणं) मुद्रितच केलेला नसतो, मध्यम थर फिल्टर लावून बारीक केलेला असतो. त्याची ओळख म्हणजे आवाज बंद दारामागून आल्यासारखा वाटतो.

मग तोच सूर आठ वेळा लागोपाठ. एकाच सुराची चार-पाच वेगळी मुद्रणं आळीपाळीने वाजतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. ती नसतील तर मशिनगन सुरू होते. दोनच असतील तर त्यांचीही लय कानाला लगेच सापडते.

एकल व्हायोलिन किंवा बासरी असेल तर मॉड व्हील खालून वर नेताना मधला टप्पा ऐका. दोन थर एकमेकांत विरघळतात त्या क्षणी दोघांचा कंप वेगळा असतो, म्हणून क्षणभर दोन व्हायोलिनं वाजल्यासारखी वाटतात. पंधरा जणांच्या समूहात हे लपून जातं, एकट्या वाद्यात नाही. तुमच्या कामात समूह आहे, त्यामुळे तुम्ही वाचलात.

शेवटी सूर सोडल्यावर काय होतं ते. पट्टी सोडली की खोलीत रेंगाळणारा आवाज वेगळा मुद्रित केलेला असतो. काहींमध्ये तो मूळ सुरापेक्षा मोठा येतो आणि प्रत्येक सुरानंतर उसासा टाकल्यासारखं होतं. एकदा ऐकू आलं की मग ते ऐकू येणं थांबत नाही.

रात्रीचा_रियाज

माझं पहिलं उत्तर फार तुटक होतं. कॉन्टॅक्टच्या बाजूने एक ठोस मुद्दा मांडतो. त्यात वाद्य बनवणाऱ्याला स्क्रिप्ट लिहिता येते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधला जोड मुद्रण वापरून वाजवणं, कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवरून लेगाटो (सूर जोडून), स्टॅकाटो (तोडून), पिझिकाटो (तार बोटाने छेडून) बदलणं, हे सगळं स्क्रिप्टवर चालतं. २००२ पासून तो बाजारात आहे, त्यामुळे इतक्या वर्षांचं लोकांचं काम त्याच्याभोवती साठलेलं आहे. लहान-मोठे स्वतंत्र निर्माते अजूनही पहिल्यांदा त्याच्यासाठीच वाद्य बनवतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पूर्ण आवृत्ती लागते. पुढे तुम्हाला विचित्र, कुणाकडे नसलेली वाद्यं आवडू लागली तर पूर्ण आवृत्ती घ्यावीच लागेल.

एक सावधगिरी मात्र घ्या. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं वाद्य जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोन जण मिळून काम करत असाल तर दोघांकडे आवृत्ती कोणती आहे ते आधी विचारून घ्या.

अंकगणित

जागेचा प्रश्न राहून गेला म्हणून हिशेब देतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रण म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. मिनिटाला साधारण १७ एमबी. आता ८८ पट्ट्यांचा पियानो, प्रत्येक पट्टीचे १६ थर, प्रत्येक मुद्रण सरासरी १० सेकंद धरा. १४,०८० सेकंद झाले, म्हणजे जवळपास ४ जीबी. हे एका माइक पोझिशनचं. जवळचा, मधला, लांबचा असे तीन माइक असतील तर १२ जीबी. त्यात पेडल दाबून वेगळी मुद्रणं असतील तर २४. लायब्ररीचा आकार फुगतो तो असा गुणाकाराने, आणि त्यातला मोठा वाटा माइक पोझिशनचा असतो. शेवटच्या मिक्समध्ये त्यांतल्या एक-दोनच वापरल्या जातात.

म्हणून लायब्ररी उतरवताना माइक निवडायची सोय आहे का ते बघा. असेल तर एकच घ्या.

रॅमबद्दल फार घाबरू नका. १९९८ मध्ये गिगासॅम्पलरने डिस्कवरून थेट वाजवण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून पूर्ण मुद्रण रॅममध्ये भरावं लागत नाही. प्रत्येक मुद्रणाची फक्त सुरुवात रॅममध्ये असते आणि ती वाजेपर्यंत पुढचा भाग डिस्कवरून येतो. समजा प्रत्येकाचे ६० केबी आधी भरले, तर वरच्या गुणोत्तराने तो सेकंदाचा पाचवा भाग झाला. ५,००० मुद्रणांच्या वाद्याला ३०० एमबी. एसएसडी असल्यामुळे तुम्हाला हा आकडा कमी करता येईल. फिरत्या डिस्कला योग्य जागी पोचायलाच दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणून तिथे तो मोठा ठेवावा लागायचा. तंतुवाद्यांचे पाच विभाग आणि एक पियानो १६ जीबीत आरामात बसतील. वापरत नसलेल्या आर्टिक्युलेशन (वाजवण्याच्या पद्धती) मात्र काढून टाका.

जागा ९० जीबी आहे म्हणून ८५ जीबीची लायब्ररी भरू नका. उतरवताना दाबलेली फाइल आणि उघडलेली फाइल काही काळ दोन्ही डिस्कवर असतात. लायब्रऱ्यांसाठी बाहेरची वेगळी एसएसडी हा मला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो.

मंद्रसप्तक

अंकगणित, हा गुणाकार समोर मांडल्यावर डोकं एकदम शांत झालं. इतके दिवस मोठा आकार म्हणजे चांगला आवाज असंच धरून चालले होते.

आणखी एक अडचण. एका लायब्ररीची चाचणी आवृत्ती मिळाली. लेगाटो पॅचवर वाजवलं की सूर उशिरा येतो. ऑडिओ बफर (आवाज किती नमुन्यांच्या गठ्ठ्याने पुढे जातो ते) २५६ वर आहे. १२८ केला तरी तेवढाच उशीर. लॅपटॉप कमी पडतोय का?

खर्ज

लॅपटॉपचा काही दोष नाही. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या जरासं वर. तो उशीर जाणवतही नाही. तुम्हाला जाणवतोय तो उशीर मुद्रणातच आहे. खऱ्या वादकाचं बोट एका सुरावरून दुसऱ्यावर सरकतं त्याला वेळ लागतो. तो सरकण्याचा तुकडा लायब्ररीत आहे आणि तो वाजून झाल्याशिवाय पुढचा सूर पूर्ण लागत नाही. संथ लेगाटोत हे १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत जातं. काही निर्माते आपल्या पुस्तिकेत हे आकडे स्पष्ट देतात, आणि ही माहिती देणाऱ्या निर्मात्यावर माझा विश्वास बसतो.

उपाय दोन. वाजवताना साधा सस्टेन (लांब सुराचा) पॅच लावा, नंतर तोच मिडी (वाजवलेल्या पट्ट्यांची नोंद) लेगाटोवर टाका आणि ट्रॅकला तेवढाच ऋण डिले द्या, म्हणजे तो तेवढा आधी वाजेल. किंवा सूर हाताने पुढे ओढा. मी दुसरं करतो. प्रत्येक जोडाची गरज वेगळी असते आणि संथ संगीतात तो फरक ऐकू येतो.

आपल्या कानाला या जोडांचं वेड जरा जास्तच आहे. मींड ऐकत वाढलेल्या माणसाला लायब्ररीतला लेगाटो नेहमी थोडा घाईचा वाटतो, कारण तो दोन ठरलेल्या सुरांमधला, ठरलेल्या वेगाचा जोड असतो. वाटेत रेंगाळता येत नाही, मधल्या श्रुतीवर थांबता येत नाही. सॅम्पलिंगची ही मर्यादा पैशाने सुटत नाही. लांब मींड हवी असेल तर मुद्रणांऐवजी गणिताने आवाज घडवणारी फिजिकल मॉडेलिंगची वाद्यं जास्त साथ देतात. ऑडिओ मॉडेलिंगची स्वॅम वाद्यं त्या जातीची. त्यांचा कच्चा आवाज मला कोरडा वाटतो, पण ती हाताचं ऐकतात. पियानोत पियानोटेक त्याच वाटेचा, आणि तो काही गिगाबाइटांऐवजी काही दहा एमबीत मावतो. तुमच्या जागेच्या अडचणीत त्याचीही चाचणी करून बघा.

मोकळा_षड्ज

फुकट लायब्रऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. निभावतं का, असं विचारलंत. पियानोचं तरी नक्की निभावतं.

सॅलमँडर ग्रँड पियानो ऐका. यामाहा सी५ चं मुद्रण, १६ थर. सगळ्या पट्ट्या मुद्रित केलेल्या नाहीत. सगळ्यात खालच्या पट्टीपासून दर तीन अर्धस्वरांवर एक, म्हणजे ३० सूर आणि ४८० मुख्य मुद्रणं. मधल्या पट्ट्यांना शेजारचं मुद्रण एक अर्धस्वर वर किंवा खाली खेचून वाजतं. एवढ्याशा खेचण्याने वेग सहा टक्क्यांनी बदलतो आणि ते कानाला समजत नाही. पट्टी सोडल्यावरचा हातोडीचा आवाज आणि पेडलचा आवाजही वेगळा दिलेला आहे. संथ, उघड्या पियानोला हा मी बेधडक वापरतो.

तंतुवाद्यांसाठी व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्ती सीसी० परवान्याखाली आहे, म्हणजे वापरावर कसलीच अट नाही. आवाज थोडा खरबरीत आहे, लहान खोलीत बसून वाजवल्यासारखा. माहितीपटाला तो कदाचित शोभेलही. भव्य हॉलचा आवाज हवा असेल तर स्पिटफायरच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची डिस्कव्हर आवृत्ती बघा. मूळ लायब्ररी २०१९ ची, बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित केलेली. डिस्कव्हर अवघी २०० एमबीच्या आसपास आहे. एकच माइक मिश्रण, थरही कमी, पण त्यात पूर्ण वाद्यवृंद आहे आणि नंतर वरच्या आवृत्तीवर गेलात तर केलेलं काम वाया जात नाही.

माझा जीव अडकतो तो फॉरमॅटमध्ये. गिगासॅम्पलरचा उल्लेख वर आला. एके काळी वाद्यवृंदाच्या मोठ्या लायब्रऱ्या त्या फॉरमॅटमध्ये निघायच्या. २००८ मध्ये त्या सॉफ्टवेअरचं काम थांबलं. ज्यांचं सगळं त्यात होतं त्यांना रूपांतराच्या मागे धावावं लागलं. लॉजिकच्या ईएक्सएस२४ चं नशीब बरं: २०२० मध्ये त्याच्या जागी नवा सॅम्पलर आला आणि जुन्या फाइल त्यात उघडतात. माझ्या बाबतीत एका छोट्या निर्मात्याने दुकान बंद केलं आणि त्याबरोबर नोंदणीचा सर्व्हरही गेला. लॅपटॉप बदलला आणि तीन वर्षं वापरलेलं सेलो कायमचं मुकं झालं. त्या सेलोवर बेतलेल्या चार रचना आजही माझ्या डिस्कवर तशाच पडून आहेत.

त्या दिवसापासून मी एसएफझी या फॉरमॅटकडे झुकलो. तो साध्या मजकुराची फाइल आहे. कोणती वेव्ह फाइल, कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत, कोणत्या दाबाला, एवढंच त्यात ओळीने लिहिलेलं असतं. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, सुधारता येते. प्लोगचा स्फोर्झांडो हा प्लेअर फुकट आहे, त्यात वाजते. उद्या स्फोर्झांडो नसला तरी वेव्ह फाइल आणि तो मजकूर वाचता येईलच. डिसेंट सॅम्पलरही तसाच मोकळा: त्याचे नियम एक्सएमएलमध्ये असतात, तोही फुकट आहे. पियानोबुक या साइटवर लोकांनी मनापासून बनवलेली शेकडो वाद्यं त्यासाठी आहेत. दर्जा वरखाली आहे, पण मला सगळ्यात जिव्हाळ्याचे आवाज तिथेच सापडले.

कलमबद्ध

परवान्याबद्दल थोडं. माहितीपट उद्या महोत्सवात जाईल, प्रक्षेपित होईल, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

लायब्ररी घेतली म्हणजे मुद्रणांची मालकी मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते. स्वतःच्या रचनेत वापरा, ती विका, चालतं. तीच मुद्रणं सुटी करून दुसऱ्याला देणं किंवा त्यातून नवी लायब्ररी बनवून वाटणं बहुतेक परवान्यांत मना असतं. परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येतो की नाही हे निर्मात्यागणिक बदलतं. मी न आवडलेली एक मोठी लायब्ररी विकायला निघालो तेव्हा कळलं की येत नाही.

फ्रीसाउंड या साइटवरून काही घेणार असाल तर प्रत्येक फाइलचा परवाना स्वतंत्र असतो. सीसी० असेल तर मोकळीक. बीवाय असेल तर श्रेयनामावलीत नाव द्यावं लागेल. एनसी असेल तर व्यावसायिक कामात हात लावू नका. फाइल उतरवताना पानाचा पत्ता आणि परवाना एका तक्त्यात लिहून ठेवा.

आणि तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे वाजवून ठेवलेले तुकडे) जपून वापरा. एका कामात मी परवान्याने घेतलेला गिटारचा लूप जसाच्या तसा, एकटा वापरला होता. तोच लूप दुसऱ्या कुणीतरी आपल्या गाण्यात वापरून ते गाणं स्वयंचलित ओळख यंत्रणेत नोंदवलं होतं. माझ्या चित्रफितीवर दावा आला. परवान्याची पावती असल्यामुळे सुटलो, पण प्रदर्शनाच्या आठवड्यात ती धावपळ फार मनस्ताप देऊन गेली. सुटे सूर स्वतः वाजवलेत तर ही भीती जवळपास नाहीच.

भाता

पेटीचा प्रश्न बाजूला राहिला. तुमच्याकडे खरी पेटी आहे का? असेल तर लायब्ररी शोधू नका, स्वतःच मुद्रित करा. पेटी हे सॅम्पलिंग शिकायला सगळ्यात सोपं वाद्य आहे. पट्टी किती जोरात दाबली याचा आवाजावर जवळजवळ परिणाम होत नाही, म्हणून वेलॉसिटीचे थर नकोत. आवाज ठरतो भात्याच्या हवेने. म्हणून हळू हवा आणि भरपूर हवा असे दोनच थर घ्या आणि ते मॉड व्हीलवर लावा. विकतच्या काही पेट्यांत ही हवा वेलॉसिटीला जोडलेली असते आणि म्हणून त्या खोट्या वाटतात.

दर तीन अर्धस्वरांवर एक सूर, भाता एकसारखा ठेवून १२ सेकंद. खोलीचा पंखा, फ्रिज बंद करा. मुद्रणातली सळसळ एका सुरात ऐकू येत नाही, पण दहा सूर एकत्र वाजले की दहा सळसळी एकत्र येतात आणि ती १० डेसिबलने वाढते.

तीन चुका मी केल्या, त्या तुम्ही टाळा. प्रत्येक फाइल वेगवेगळी नॉर्मलाइझ केली, म्हणजे तिची पातळी कमाल मर्यादेपर्यंत वाढवली, त्यामुळे सुरांमधला नैसर्गिक तोल गेला, हळू हवा आणि भरपूर हवा सारख्याच जोराने वाजू लागल्या. पातळी वाढवायचीच तर सगळ्या फाइलींची एकाच प्रमाणात वाढवा. फाइलींची नावं सुराच्या नावाने दिली. एका सॉफ्टवेअरमध्ये मधला सी हा सी३ असतो, दुसऱ्यात सी४, आणि सगळं एक सप्तक सरकून बसलं. नावात मिडी क्रमांकच घाला. मधला सी म्हणजे ६०, सगळीकडे. आणि सुरुवात कापताना आळस केला. काही सुरांआधी २० मिलिसेकंदांची शांतता राहिली आणि वाजवताना लय लडखडू लागली.

सूर लांबवण्यासाठी मुद्रणाच्या मधल्या तुकड्याला लूप लावताना भात्याचा एक पूर्ण हेलकावा आत येईल असा लांब ठेवा, दोन-तीन सेकंदांचा, आणि टोकांना क्रॉसफेड द्या, म्हणजे ती एकमेकांत विरघळतील. अर्ध्या सेकंदाचा लूप लावलात की पेटीचा सायरन होतो.

मंद्रसप्तक

पाच आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

पियानो सॅलमँडरच, स्फोर्झांडोमध्ये. फक्त वरचे थर काही प्रसंगांना तीक्ष्ण वाटत होते, म्हणून एसएफझी फाइल उघडून मोठ्या वेलॉसिटीलाही मधलेच थर लागतील असं केलं. मजकूर बदलून पियानोचा स्वभाव बदलला, याचं मला अजून नवल वाटतं. तंतुवाद्यांचा कच्चा आराखडा डिस्कव्हरवर केला. बारापैकी नऊ मिनिटांना तेच पुरलं. उरलेल्या तीन मिनिटांत व्हायोला अगदी हळू, एकटं उघडं आहे. तिथे कमी थरांची अडचण खरंच जाणवली. नुसते_कान यांच्या पद्धतीने चार लायब्रऱ्यांचा हळू सूर ऐकला. त्यांतली एक, कॉन्टॅक्ट प्लेअरवर चालणारी, घेतली आणि तिचा एकच माइक उतरवला. डिस्कवर अजून ६१ जीबी मोकळी आहे.

पेटीही मुद्रित केली. पंखा बंद करून दोन दुपारी बसले. दोन प्रसंगांपैकी एकात ती वापरली आणि मैत्रिणीने विचारलं की पेटी वाजवायला कुणाला बोलावलंस.

एक अडलंय. ५४ क्रमांकाचा सूर वाजला की मधेच आवाज डगमगतो, लूप कुठेही ठेवला तरी. ५१ आणि ५७ ठीक आहेत.

भाता

त्या सुराचे रीडचे दोन्ही संच उघडे होते का? एकाच पट्टीला दोन स्वरपट्ट्या (रीड) असतील आणि त्या एकमेकींशी किंचित बेसूर असतील तर ठोके पडतात. अर्धा हर्ट्झ फरक असेल तर दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. लूपची लांबी त्या हेलकाव्याच्या पटीत ठेवून बघा, दोन, चार, सहा सेकंद. नाहीतर एक संच बंद करून तेवढाच सूर पुन्हा घ्या, पण मग शेजारचे सूरही एकाच संचावर घ्यावे लागतील, नाहीतर रंग बदलेल.

मंद्रसप्तक

दोन्ही उघडे होते! मोजलं, हेलकावा साधारण १.७ सेकंदांचा आहे. लूप ३.४ केला. आता डगमग आहे, पण ती पेटीची आहे, लूपची नाही. तशीच ठेवते.